दुर्मीळ ध्वनिमुद्रणे आणि स्मृतिवस्तू: शोध, ओळख आणि जपणूक

एखाद्या गायकावर किंवा वादकावर जीव असलेल्या श्रोत्याच्या आयुष्यात असा एक टप्पा येतो, की सहज मिळण्यासारखे सगळे त्याने ऐकलेले असते आणि तरीही त्याचे समाधान झालेले नसते. कलाकाराच्या उमेदवारीच्या काळात निघालेली आणि पुढे कधीच पुन्हा बाजारात न आलेली तबकडी, रेडिओवरून एकदाच प्रसारित झालेले गायन, एखाद्या कार्यक्रमाची घडी पडलेली पत्रिका, स्वाक्षरी केलेले छायाचित्र अशा गोष्टींकडे त्याचे मन ओढ घेऊ लागते. त्यांपैकी एखादी हाती लागली की होणारा आनंद नवी वस्तू विकत घेण्याच्या आनंदाहून फार वेगळा असतो, कारण त्यात ज्ञानाचा वाटा मोठा असतो. समोर आलेली वस्तू नेमकी कोणती, हे ज्याला ओळखता येते त्यालाच ती सापडते. इतरांच्या हातून ती गठ्ठ्यात परत ठेवली जाते. म्हणून पुढील मार्गदर्शनात कुठे शोधावे यापेक्षा कसे ओळखावे यावर अधिक भर दिला आहे.

आधी सूची, मग शोध

शोधाची सुरुवात बाजारात नव्हे, तर कागदावर करावी. ज्या कलाकाराचे काम गोळा करायचे आहे, त्याच्या सर्व ज्ञात ध्वनिमुद्रणांची सूची तयार करावी. आयती सूची उपलब्ध असली तरी ती स्वतःच्या हाताने उतरवून काढणे फायद्याचे ठरते, कारण उतरवताना मोकळ्या जागा नजरेस पडतात. लागोपाठच्या क्रमांकांमधला एखादा क्रमांक कुठेच का नाही, एका दिवशी चार बाजू ध्वनिमुद्रित झाल्या असतील तर बाजारात दोनच का आल्या, असे प्रश्न तिथेच सुचतात आणि पुढचा शोध बहुधा त्या प्रश्नांच्या दिशेनेच जातो.

प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी दोन क्रमांक वेगवेगळे नोंदवावेत. लेबलावर ठळक छापलेला क्रमांक हा विक्रीचा, म्हणजे कॅटलॉग क्रमांक असतो. तो बहुधा संपूर्ण तबकडीला दिलेला असतो आणि पुन्हा काढलेल्या आवृत्तीत बदलू शकतो. मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या विशिष्ट बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा असतो आणि सहसा लेबलाभोवतीच्या कोऱ्या, गुळगुळीत पट्टीत कोरलेला किंवा उमटवलेला आढळतो. एकच रचना कलाकाराने त्याच बैठकीत दोन-तीनदा सादर केली असेल, तर मॅट्रिक्स क्रमांकाला टेकचा, म्हणजे कितव्या सादरीकरणाचा, अंक किंवा अक्षर जोडून त्या वेगळ्या ओळखल्या जात. दोन तबकड्यांची लेबले शब्दशः सारखी असूनही त्यांवरचे टेक वेगळे निघतात, असे घडते. आणि वर्षानुवर्षे पाठ असलेली रचना आवडत्या आवाजात एका वेगळ्याच वळणाने ऐकायला मिळणे, यासारखे सुख या छंदात दुसरे नाही.

सूची तयार करताना काही खुल्या साधनांचा उपयोग होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील ग्रंथालयाने चालवलेली अमेरिकी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची सूची मॅट्रिक्स क्रमांक, तारीख आणि टेक यांच्या तपशिलासह पाहता येते. इंटरनेट अर्काइव्हच्या ग्रेट ७८ प्रकल्पात जुन्या तबकड्यांची लेबले पाहता येतात. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्जवर वापरकर्त्यांनी भरलेल्या नोंदी आहेत. त्या उपयुक्त आहेत, पण अंतिम पुरावा म्हणून त्यांचा आधार घेऊ नये. तबकडीवर दिसते ते आणि नोंदीत लिहिले आहे ते यांत तफावत आढळली, तर तबकडीवर विश्वास ठेवावा.

सूचीचे तीन भाग करावेत: जवळ असलेले, अस्तित्व सिद्ध झालेले पण जवळ नसलेले, आणि केवळ ऐकीव. तिसरा भाग वेगळा ठेवणे अत्यावश्यक आहे. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन याच्या वाद्यवृंदाने मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रण केले होते, असे त्याच्या एका सहवादकाने पुढे सांगितले. संग्राहकांच्या कित्येक पिढ्यांनी ते शोधले, पण आजवर ते कुणाला मिळालेले नाही. अशा गोष्टींची नोंद जरूर असावी, मात्र त्यांच्यामागे वेळ किती घालवायचा हे ठरवण्यासाठी ती नोंद सिद्ध गोष्टींच्या ओळीत बसवू नये.

वस्तू दुर्मीळ का झाली, हे समजून घ्यावे

दुर्मीळतेचे कारण कळले की शोधाचे ठिकाण अर्धेअधिक कळते. काही ध्वनिमुद्रणे मुळातच थोडी खपली आणि त्यांचे साचे नष्ट झाले. अमेरिकेतील पॅरामाउंट या ध्वनिमुद्रण कंपनीने १९२० च्या दशकात आणि १९३० च्या आरंभी ब्लूज गायकांची अनेक ध्वनिमुद्रणे केली; कंपनीने काम बंद केल्यावर धातूचे साचे टिकले नाहीत, त्यामुळे त्यांतील काही गाणी आज एक-दोन झिजलेल्या तबकड्यांवरूनच ऐकावी लागतात आणि काहींची तर एकही प्रत माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात शेलॅकची, म्हणजे तेव्हाच्या तबकड्या ज्या लाखेपासून बनत तिची, टंचाई झाली. अमेरिकेत १९४२ साली तबकड्यांसाठी मिळणाऱ्या शेलॅकमध्ये मोठी कपात झाली आणि जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांपासून नव्या बनवण्यात आल्या. जे ऐकून लोकांना कंटाळा आला होता तेच तेव्हा गिरणीत गेले, हे लक्षात घेतले तर त्याआधीच्या काही वर्षांतल्या कमी खपाच्या तबकड्या एवढ्या विरळ का, याचा उलगडा होतो.

व्ही-डिस्कची गोष्ट वेगळी आहे. १९४३ ते १९४९ या काळात अमेरिकी सैनिकांसाठी तयार झालेल्या या तबकड्या विक्रीसाठी नव्हत्याच, आणि योजना संपल्यावर त्यांचे साचे नष्ट करण्यात आले. त्यामुळे त्या शोधायच्या तर गाण्याच्या दुकानांपेक्षा सैनिकांच्या घरांतील पेट्यांमध्ये त्या मिळण्याची शक्यता जास्त. सोव्हिएत संघात बंदी असलेले संगीत टाकून दिलेल्या क्ष-किरण चित्रांवर कोरून गुपचूप विकले जाई. छातीच्या बरगड्यांवरून फिरणारी ती खाच पाहिली, की ऐकण्याच्या ओढीपायी माणसे काय करू शकतात ते दिसते.

सर्वांत दुर्मीळ म्हणजे लॅकर तबकड्या, म्हणजे धातूच्या चकतीवर मऊ लेप देऊन केलेल्या. छाप्याच्या यंत्रातून न जाता या थेट कापल्या जात आणि अनेकदा जगात त्यांची एकच प्रत असे. १९५८ साली लिव्हरपूलमधील एका लहानशा घरगुती स्टुडिओत क्वारीमेन नावाच्या मुलांच्या गटाने अशी एक तबकडी कापून घेतली. त्यातील तिघे पुढे बीटल्स म्हणून जगाला माहीत झाले, पण तबकडी राहिली ती गटातील पियानोवादकाकडे, आणि १९८१ साली पॉल मॅकार्टनी यांनी ती त्याच्याकडून विकत घेतली. संग्राहकाने यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे: प्रसिद्ध नावाच्या घरी सगळे जण आधीच जाऊन आलेले असतात. साथीदार, कार्यक्रमांचे आयोजक, ध्वनिमुद्रक, रेडिओवरील निवेदक, पत्रिका छापणारे मुद्रक, वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर यांच्याकडे मात्र बहुधा कुणी विचारलेलेच नसते.

विचारावे कसे

ऑनलाइन शोध घेताना कलाकाराच्या नावापेक्षा कॅटलॉग क्रमांक टाकून शोधणे अधिक फलदायी असते. विक्रेत्याला लेबलावरची लिपी वाचता येत नसेल, नावाचे स्पेलिंग त्याने मनाने केले असेल, किंवा गाणे चुकीच्या विभागात टाकले असेल. अंक मात्र तो जसेच्या तसे उतरवतो. नावाने शोधायचेच असेल तर त्याची होतील तितकी चुकीची रूपेही शोधून पाहावीत. लिलावगृहांच्या यादीत ‘मिश्र तबकड्या’ किंवा ‘जुनी संगीतविषयक कागदपत्रे’ अशा नावाने आलेले गठ्ठे दुर्लक्षू नयेत. छायाचित्र मोठे करून कडेला दिसणाऱ्या अर्ध्या लेबलाचा रंग ओळखता येणे हे सरावाने साधते.

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तोंडी सांगून ठेवण्यापेक्षा क्रमांकांसह लिहिलेली छोटी यादी द्यावी. यादी दहा-बारा ओळींहून मोठी नसावी, कारण लांबलचक यादी कुणी वाचत नाही.

एखाद्या कुटुंबाकडे जायचे असेल तर घाई कटाक्षाने टाळावी. पहिल्या भेटीत विकत घेण्याचा विषय काढू नये. वस्तू पाहू द्यावी, छायाचित्रे घेऊ द्यावीत एवढीच विनंती करावी, आणि ध्वनिमुद्रण आढळल्यास त्याची उत्तम प्रत करून कुटुंबाला देण्याचे वचन द्यावे आणि ते पाळावे. अनेक घरांत वडिलांचा किंवा आजीचा आवाज असलेली फीत असते, पण ती ऐकवायला यंत्र नसते. तो आवाज त्यांना पुन्हा ऐकवणारा माणूस त्या घराचा होतो. वस्तू त्या घरातच राहिली तरी ध्वनिमुद्रण वाचते, आणि संग्राहकाने त्यातच समाधान मानायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. भेटीत जे सांगितले जाते, म्हणजे ध्वनिमुद्रण कुणी केले, कोणत्या प्रसंगी केले, साथीला कोण होते, ते त्याच दिवशी लिहून काढावे. काही वर्षांनी तबकडी उरते, पण ते सांगणारा माणूस उरत नाही.

तबकडी वाचायला शिकणे

हा या छंदाचा गाभा आहे. तबकडी प्रकाशाखाली तिरपी धरून लेबलाभोवतीची कोरी पट्टी नीट पाहावी. तिथे कोरलेली अक्षरे लेबलापेक्षा पुष्कळ अधिक सांगतात. त्यासाठी तबकडी कशी तयार होते हे थोडक्यात माहीत हवे. मूळ कापलेल्या तबकडीवरून धातूचा उलटा साचा काढतात, त्याला मास्टर म्हणतात. त्यावरून सुलटी ‘मदर’ काढतात, आणि मदरवरून प्रत्यक्ष छापणारे ‘स्टॅम्पर’ तयार होतात. एका मदरपासून अनेक स्टॅम्पर निघतात आणि प्रत्येक स्टॅम्पर काही काळाने झिजून बाद होतो. साहजिकच आरंभीच्या स्टॅम्परची प्रत मूळ ध्वनिमुद्रणाच्या अधिक जवळची मानली जाते.

ब्रिटनमधील ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या लाँग प्ले तबकड्यांवर हा सगळा इतिहास उघड लिहिलेला असतो, फक्त तो सांकेतिक असतो. मॅट्रिक्स क्रमांक घड्याळात सहा असतात त्या जागी, म्हणजे तळाशी, येईल अशी तबकडी धरावी. आता नऊच्या जागी एक अंक दिसतो, तो मदरचा. तीनच्या जागी एक-दोन किंवा तीन इंग्रजी अक्षरे दिसतात, ती स्टॅम्परची. ईएमआयचा भाग असलेल्या ग्रामोफोन कंपनी लिमिटेड या नावातून घेतलेली दहा अक्षरे इथे अंकांच्या जागी वापरली आहेत: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, एम म्हणजे ४, ओ म्हणजे ५, पी म्हणजे ६, एच म्हणजे ७, एल म्हणजे ८, टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. समजा नऊच्या जागी १ आणि तीनच्या जागी ‘जीए’ असेल, तर ती प्रत पहिल्या मदरच्या तेराव्या स्टॅम्परवर छापलेली आहे. ही अक्षरे पहिल्यांदा स्वतः उलगडली की हातातली तबकडी एकदम बोलू लागते, आणि त्यानंतर कोणतीही तबकडी केवळ लेबल पाहून खाली ठेववत नाही.

इतर कंपन्यांच्याही खुणा अशाच शिकाव्यात. ब्लू नोट या कंपनीच्या जुन्या जॅझ तबकड्यांवर कोऱ्या पट्टीत कानासारखी दिसणारी एक खूण असते. ते प्लास्टिलाइट या छापखान्याचे वळणदार ‘पी’ अक्षर आहे आणि १९६६ पर्यंतच्या छपाईची ती खात्री मानली जाते. त्याच तबकड्यांवरची ‘आरव्हीजी’ ही अक्षरे ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांची. ग्रामोफोन कंपनीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मॅट्रिक्स क्रमांकानंतर छोटा त्रिकोण असेल, तर ध्वनिमुद्रण १९२५ साली आलेल्या विद्युत पद्धतीने झालेले आहे. त्याआधी कलाकार कर्ण्यात गात असे आणि आवाजाच्या जोरावरच सुई कंप पावत असे. एकच गीत एकाच गायकाने दोन्ही पद्धतींनी दिले असेल तर त्या प्रती शेजारी ठेवून ऐकाव्यात.

काही वेळा ओळख पटवणारी खूण आवाजातच असते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा गायिका गौहर जान यांनी गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हानोव्हर येथे, आणि तिथल्या तंत्रज्ञांना भाषा अपरिचित असल्याने ही उद्घोषणा लेबलासाठी उपयोगी पडे. त्या काळातील तबकडीचे लेबल फाटलेले किंवा अवाच्य असेल, तर शेवटचे काही क्षण अवश्य ऐकावेत.

तबकडीची जाडी आणि खाचेचा प्रकारही तपासावा. एडिसन यांच्या १९१२ ते १९२९ या काळातील डायमंड डिस्क तबकड्या सुमारे ६ मिलिमीटर जाड असतात आणि त्यांच्या खाचेत ध्वनी आडवा नव्हे तर उभा, म्हणजे खोलीतील चढउतारांनी, कोरलेला असतो. पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्याही उभ्या खाचेच्या असत. साध्या पोलादी सुईने अशा तबकडीची खाच कायमची खराब होते.

अवस्था पारखणे

विक्रेते वापरत असलेल्या श्रेणींमध्ये मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि गुड असा उतरता क्रम असतो, आणि त्यातील ‘गुड’ ही प्रत्यक्षात बरीच खराब अवस्था असते. श्रेणीपेक्षा स्वतःचे डोळे वापरावेत. एकाच दिव्याच्या तिरप्या प्रकाशात तबकडी फिरवून पाहावी. खाचांच्या काठाने जाणारे केसासारखे ओरखडे बहुधा फारसे ऐकू येत नाहीत; खाचांना छेदणारा आणि नखाला लागणारा चरा मात्र प्रत्येक फेरीला ‘टिक’ असा वाजतो. शेलॅकची तबकडी काळीभोर असावी, ती जिथे राखाडी दिसते तिथे सुईने खाच खाल्लेली असते. अशी तबकडी एका बोटाच्या टोकावर भोकाशी तोलून कडेला हलकेच टिचकी मारली तर अखंड तबकडी खणखणते आणि तडा गेलेली बद्द वाजते.

दुर्मीळ वस्तूच्या बाबतीत मात्र अवस्थेचा आग्रह सैल करावा लागतो. ज्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत ठाऊकच नाही, ते तडा गेलेल्या स्थितीत मिळाले तरी घ्यावे. तडा गेलेल्या तबकडीवरूनही तज्ज्ञ स्वच्छ प्रत काढू शकतात. उलट हजारोंनी खपलेली तबकडी केवळ जुनी आहे म्हणून खराब अवस्थेत घेण्यात अर्थ नाही.

कागद, शाई आणि स्वाक्षऱ्या

कार्यक्रमपत्रिका, तिकिटे, पोस्टर, पत्रे आणि छायाचित्रे यांत बनावट मालाचे प्रमाण मोठे आहे, म्हणून इथे शंका घेणे हेच पहिले काम. साधे दहापट भिंग आणि अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी, एवढ्या साहित्यावर बरेच काही कळते. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घालायची चमकद्रव्ये साधारण १९५० च्या सुमारास वापरात आली. त्याआधीची म्हणून समोर ठेवलेली पत्रिका अतिनील प्रकाशात निळसर पांढरी झळाळत असेल तर ती नंतरची आहे. झळाळली नाही तर ती जुनी आहे असे मात्र सिद्ध होत नाही, कारण नंतरच्या सगळ्या कागदांत ही द्रव्ये नसतात. भिंगाखाली पोस्टरवरची अक्षरे ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ते बहुधा मूळ पोस्टरच्या छायाचित्रावरून छापलेले आहे.

छापील मजकुरातील पत्तेही काळ सांगतात. भारतातील सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि अमेरिकेतील झिप कोड १९६३ साली, त्यामुळे त्याआधीच्या म्हणवणाऱ्या कागदावर ते दिसले की पुढे तपासण्याची गरज उरत नाही. स्वाक्षरीची लेखणी हेही असेच साधन आहे. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात १९४५ साली विक्रीला आले आणि जाड टोकाची फेल्ट पेने १९६० च्या दशकात सर्रास झाली. त्याआधी निधन पावलेल्या कलाकाराची स्वाक्षरी अशा पेनाने असेल तर ती संशयास्पद मानावी.

स्वाक्षरी जुनी असली तरी ती कलाकाराचीच असेल असे नाही. बीटल्सच्या चाहत्यांना मिळालेल्या स्वाक्षऱ्यांपैकी कित्येक त्यांचे सहायक नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स यांनी केलेल्या होत्या, हे आता सर्वज्ञात आहे. म्हणून स्वाक्षरीपेक्षा तिच्या प्रवासाची नोंद महत्त्वाची: ती कुणी, केव्हा, कुठे घेतली आणि आजपर्यंत कुणाच्या हातांतून आली. ही साखळी कागदावर नसेल तर स्वाक्षरी आवडली म्हणून घ्यावी, खरी म्हणून घेऊ नये.

वेष्टनांकडेही असेच बारकाईने पाहावे. १९६६ साली बीटल्सच्या एका अमेरिकी अल्बमचे मुखपृष्ठ, कसायांच्या वेशात मांसाच्या तुकड्यांसह बसलेल्या चौघांचे चित्र असल्याने, टीकेनंतर मागे घेण्यात आले आणि कॅपिटॉल कंपनीने अनेक छापील वेष्टनांवर नवे, निरुपद्रवी चित्र चिकटवले. त्या वरच्या चित्राच्या उजव्या बाजूला, पांढऱ्या भागात, खालच्या चित्रातील रिंगो स्टार यांच्या काळ्या स्वेटरच्या गळ्याचा गडद त्रिकोण पुसटसा दिसतो. तो दिसला तर वरचे चित्र सोलून काढण्याचा मोह आवरावा. चिकटवलेले, पण न सोललेले वेष्टन ही स्वतःच इतिहासाची एक अवस्था आहे आणि ती एकदा गेली की परत आणता येत नाही.

सापडलेल्या वस्तूची जपणूक

शेलॅकच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव लावू नये, कारण अल्कोहोलमध्ये शेलॅक विरघळते. शुद्ध पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश आणि लेबल कोरडे ठेवण्याची काळजी एवढे पुरते. लॅकर तबकडीवर मेणासारखी पांढरी पूड दिसत असेल तर ती बुरशीच असेल असे नाही. लेपातील तेलकट द्रव्य बाहेर येऊन ती धरते, आणि लेप पुढे तडकण्याची ती पूर्वसूचना असते. अशी तबकडी घरी धुऊ नये आणि वाजवूही नये. थेट ध्वनिसंग्रहाच्या तज्ज्ञाकडे न्यावी. युद्धकाळात अॅल्युमिनियमऐवजी काचेवर लेप देऊनही लॅकर तबकड्या बनल्या, त्या उचलताना विशेष जपावे.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७६ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर १९४८ साली आलेल्या लाँग प्ले तबकड्यांसाठी २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक सुई लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. त्यामुळे आवाज खरखरतो आणि तबकडी उगाच दोषी ठरते. जुना कर्ण्याचा ग्रामोफोन देखणा असला तरी एकुलती प्रत त्यावर कधीही वाजवू नये. गतीबाबतही सावध असावे, कारण आरंभीच्या काळात ‘७८’ हा आकडा सर्वत्र पाळला जात नव्हता आणि ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान, क्वचित त्याबाहेरही, ध्वनिमुद्रणे झाली. गायकाची नेहमीची स्वरपट्टी ठाऊक असेल तर तिच्याशी जुळवून गती ठरवावी.

फितींसाठी थोडक्यात एवढेच: कॅसेट मिळाल्यावर तिच्या कडेवरच्या दोन छोट्या चिपा आधी मोडाव्यात, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही ध्वनिमुद्रित होणार नाही. मोठ्या रिळाच्या फितीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेटची आहे आणि तिचे विघटन सुरू झाले आहे. ती इतर फितींपासून लगेच वेगळी ठेवावी. यंत्रावर चिकटणारी, किंचाळणारी फीत तत्काळ थांबवावी. अशा फिती नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरत्या वाजण्याजोग्या करता येतात, पण ते काम जाणकाराचे आहे.

प्रत करताना ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मानाने, वेव्ह स्वरूपात, सुई टेकल्यापासून उचलेपर्यंतचे सगळे ध्वनिमुद्रित करावे. खरखर काढलेली ऐकण्याची प्रत वेगळी करावी आणि मूळ प्रतीला हात लावू नये, कारण आज खरखर म्हणून जे कापले जाते त्यात तंबोऱ्याची जव्हारी किंवा गायकाचा श्वासही जातो. फाइलच्या नावात कलाकार, कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक आणि टेक असावा. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात.

प्रत इतरांना देण्याआधी हक्कांचा विचार करावा. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे, युरोपीय संघात ७० वर्षे टिकतो, आणि अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून मुक्त झाली. गीत आणि संगीतरचना यांचे हक्क यापासून वेगळे मोजावे लागतात. खासगी मैफलीच्या ध्वनिमुद्रणाबाबत कलाकाराच्या वारसांची संमती घेणे हा कायद्याबरोबरच सभ्यतेचाही भाग आहे.

सूचीत नसलेली बाजू किंवा अज्ञात टेक हाती आला, तर ती माहिती स्वतःपाशी दडवून ठेवू नये. वस्तू संग्राहकाचीच राहते, पण तिचे अस्तित्व ठाऊक झाल्याने इतरांच्या सूचीतील एक ऐकीव नोंद सिद्ध होते आणि तिची दुसरी, कदाचित अधिक चांगली, प्रत ओळखणारा माणूस तयार होतो. सूचीकाराला कळवताना लेबलावरचा मजकूर छापला आहे तसाच, अशुद्ध असल्यास अशुद्धच उतरवावा. कोऱ्या पट्टीतील प्रत्येक अक्षर व खूण कुठल्या जागी आहे ते लिहावे, आणि दोन्ही बाजूंची तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे सोबत जोडावीत.